हे शहरी चोचले नाहीत! समलिंगी विवाहाबद्दल नाक्यावरच्या एका डॉक्टरचं मत



शुगर, बीपी, पावसाळ्यातली कावीळ हे विषय सोडून डॉक्टर आज हे काय घेऊन बसले, असं काही जणांना वाटेल. पण हा विषय माझ्या ओपीडीतच आला, म्हणून लिहितोय.

एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं की समलिंगी विवाहाची मागणी हा शहरातल्या उच्चभ्रू लोकांचा विचार आहे. माझा दवाखाना हिंगोली-वाशीम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याला. माझे पेशंट सोयाबीनच्या काढणीतून, हळद शिजवता शिजवता उठून येतात. त्यांच्यात मला 'उच्चभ्रू' अजून सापडलेला नाही. समलिंगी माणसं मात्र भेटली आहेत.

आधी माझी चूक

(ओळख पटू नये म्हणून खालच्या दोन्ही प्रसंगांतले तपशील बदलले आहेत.)

पंचवीसेक वर्षांपूर्वी एक शेतकरी आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, पोरगं लग्नाला हो म्हणून नाही राहिलं. याच्यात काही कमी हाये का, बघा बरं." वडिलांना बाहेर बसवल्यावर मुलाने खाली मान घालून सांगितलं की त्याला मुलींबद्दल तसं कधी वाटलंच नाही, मुलांबद्दल वाटतं.

मी तपासलं. सगळं नॉर्मल होतं. आमच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात समलिंगी संबंध 'अनैसर्गिक गुन्हे' या प्रकरणात होते, त्यापलीकडे आम्हाला कोणी काही शिकवलं नव्हतं. मी वडिलांना म्हटलं, "लग्न लावून द्या, होईल ठीक."

चार वर्षांनी त्याची बायको माझ्याकडे आली. झोप नाही, छातीत धडधड, डोकेदुखी. सासरचे तिला वांझ म्हणत होते. तिचे रिपोर्टही नॉर्मल. मी बी-कॉम्प्लेक्स आणि झोपेची गोळी लिहून दिली. खरं कारण मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. पुढे ती माहेरी गेली ती परत आलीच नाही.

त्या दोघांनाही काही आजार नव्हता. त्यांचं वाटोळं माझ्या सल्ल्याने झालं. म्हणून आज "लग्न केलं की सुधारतो" असं कोणी म्हणालं, की मी गप्प बसत नाही.

हा आजार आहे का?

नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी काढली. भारतीय मानसोपचार संघटनेनेही 2018 मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर सांगितलं. हे संगतीने लागत नाही, मोबाईलने होत नाही, आईच्या लाडाने तर नाहीच नाही. आणि जो आजारच नाही, त्यावर गोळी कुठून येणार? 'कल बदलण्याचे' उपचार करणं हे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. शॉक, इंजेक्शन, जडीबुटी किंवा अंगारा देऊन 'बरं करतो' म्हणणारा तुमचे पैसे आणि तुमचं मूल, दोन्ही घालवतोय.

"राहा ना मग सोबत, लग्नच कशाला?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. याचं उत्तर दवाखान्यातच मिळतं.

आमच्या भागातला एक मुलगा पुण्याला कंपनीत कामाला होता. जोडीदारासोबत नऊ वर्षं एका घरात राहिला. गावी आलेला असताना अपघात झाला, डोक्याला मार लागला, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवलं. जोडीदार रात्रीतून धावत आला. "तुम्ही कोण?" "मित्र." "घरचं कोणी असेल तर बोलवा." आठ वर्षं ज्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ते भाऊ आत. नऊ वर्षं ज्याने त्याला जेवू घातलं, तो बाहेर बाकड्यावर. मी ओळखीने फोन केला, तेव्हा पाच मिनिटं आत सोडलं. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. बॉडी भावांनी नेली.

लग्नाचा कागद म्हणजे अशा वेळी "तुम्ही कोण?" याचं उत्तर. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात नवरा-बायको 'जवळचे नातेवाईक' आहेत. समलिंगी जोडीदार नाही. किडनी द्यायची तर त्याला परक्यासारखं समितीपुढे उभं राहावं लागतं. मृत्युपत्र नसेल तर वारसा हक्क नाही, कुटुंब निवृत्तीवेतन नाही. वरात आणि डीजे कोणी मागत नाहीये, मागणी या हक्कांची आहे.

कोर्टाने काय म्हटलं?

17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायाधीशांनी सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही, कायदा करणं हे संसदेचं काम. विवाहाऐवजी निदान अशा नात्याला सरकारी मान्यता द्यावी की नाही, यावर 3 विरुद्ध 2 असं मत पडलं आणि तीही मिळाली नाही. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. पण त्याच निकालात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिलं की हा विषय शहरी किंवा उच्चभ्रू नाही, शेतात राबणारी बाईही समलिंगी असू शकते.

म्हणजे चेंडू आता संसदेत, पर्यायाने तुमच्या-माझ्या मताकडे आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्येच विशेष विवाह कायद्यात बदल करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. बाकीच्या खासदारांना कोणी विचारलं का?

नेहमीचे दोन आक्षेप

*"लग्न मुलांसाठी असतं."* साठीतल्या विधुराचं लग्न आपण लावतो. मूल नसलेली कितीतरी जोडपी मी तीस वर्षं पाहतोय, त्यांचं लग्न कोणी रद्द केलं नाही. विवाह नोंदणी कार्यालयात वीर्यतपासणीचा रिपोर्ट मागत नाहीत.

*"संस्कृती बुडेल."* महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये पुरोहिताशिवाय लग्न लावलं तेव्हाही ओरड झाली. आंतरजातीय लग्नाला आजही होते. सुप्रीम कोर्टातली सुनावणी 1954 च्या विशेष विवाह कायद्यापुरती, म्हणजे सरकारी नोंदणीपुरती होती. कोणत्याही भटजीला किंवा काझीला त्यात हात लावलेला नव्हता. आणि "असलं लिहू नये" म्हणणाऱ्यांसाठी: वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 'समाजस्वास्थ्य'च्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. खटला हरले. चूक कोण होतं, ते आज आपल्याला दिसतंय.

कायदा येईपर्यंत काय करता येईल?

• शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची सही ऑपरेशनला पुरेशी असते. जीव धोक्यात असेल तर नातेवाईकांच्या सहीसाठी उपचार थांबवता येत नाहीत.
• मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार तुम्ही कोणत्याही सज्ञान व्यक्तीला, म्हणजे जोडीदारालाही, आपला प्रतिनिधी नेमू शकता.
• 2024 मधल्या केंद्राच्या सूचनांनुसार जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडता येतं, त्याला नॉमिनी करता येतं, आणि रेशनकार्डासाठी दोघं एकच कुटुंब धरायचे आहेत.
• मृत्युपत्र करून ठेवा.
• मनावर ताण असेल, जिवाचं बरंवाईट करावं असं वाटत असेल, तर टेली-मानस 14416 वर फोन करा. पैसे लागत नाहीत.

त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयाने जोडीदाराला बॉडी ताब्यात देण्याबद्दलही पत्र काढलं, पण जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तरच. म्हणजे बाकड्यावर बसलेल्या त्या मुलाला आजही हात हलवतच परत जावं लागेल. सूचनापत्रं म्हणजे पॅरासिटामॉल आहे. ताप उतरतो, आजार तसाच राहतो. इलाज कायद्यातच आहे.

आई-वडिलांना एकच सांगणं. मूल असं काही सांगायला आलं, तर त्याला माझ्याकडे 'दुरुस्त' करायला आणू नका. तुम्हाला समजत नसेल, भीती वाटत असेल, तर तुम्ही या. आपण बसून बोलू. आणि त्याचं लग्न लावून द्यायचा विचार असेल, तर येणारी ती मुलगीही कोणाचीतरी लेक आहे, एवढं लक्षात ठेवा.