तिकीट जहाजाचे, बंदराचे नव्हे!

हौसेला मोल नसते म्हणतात. पण आलिशान जहाजातून जग पाहायला निघालेल्यांना कधी कधी हौसेचे पुरेपूर मोल मोजूनही बंदर नकाशावरच पाहावे लागते. जानेवारी 2006 मध्ये ‘क्वीन मेरी 2’ या जहाजावरच्या प्रवाशांवर हीच पाळी आली.

जहाज साधेसुधे नव्हते. लांबी 345 मीटर, सेवेत येऊन जेमतेम दोन वर्षे झालेली आणि कंपनी क्युनार्ड, म्हणजे सागरी प्रवासातले जुने, मानाचे नाव! न्यूयॉर्कहून निघून, दक्षिण अमेरिकेला वळसा घालून लॉस एंजेलिसला पोहोचणारी 38 दिवसांची ती सफर होती. तिचा पहिला टप्पा ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोपर्यंतचा. कित्येकांनी तेवढ्याच टप्प्याचे तिकीट काढले होते. वाटेत सेंट किट्स, बार्बाडोस आणि साल्वादोर ही बंदरे लागणार होती.

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून बाहेर पडताना जहाज जलमार्गाच्या कडेला घासले आणि एका ‘पॉड’ला मार बसला. पॉड म्हणजे जहाजाच्या बुडाखाली बसवलेली प्रचंड कुपी. तिच्या आत विजेची मोटर आणि बाहेर पाणी कापणारा पंखा. या जहाजाला असे चार पॉड आहेत. एक निकामी झाला तरी उरलेल्या तिघांवर जहाज सुखरूप चालते, फक्त वेग घटतो. इथेच सगळे गणित बिघडले. तपासणीत वेळ गेलेला, वेग मंदावलेला आणि रिओची तारीख मात्र ठरलेली. तिथे नवे प्रवासी चढणार, जुने उतरून विमान पकडणार. मग वेळ भरून काढायची कुठून? बंदरे गाळून! तिन्ही बंदरांवर काट मारली गेली.

प्रवाशांचा पारा चढला. जेवणखाण, नाचगाणी, करमणूक, कशाचीच कमतरता नव्हती. पण लोक आले होते गावे पाहायला आणि दिसत होते नुसते पाणी. कंपनीने निम्मे भाडे परत देऊ केले. दुधाची तहान ताकावर भागवायला प्रवासी तयार नव्हते. ‘रिओला पोहोचल्यावर आम्ही जहाजातून उतरणारच नाही,’ असा इशारा त्यांनी दिला. अखेर कंपनीने पूर्ण भाडे परत द्यायचे कबूल केले.

एकजुटीचा विजय झाला खरा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हे पैसे मिळाले ते प्रवाशांच्या एकीमुळे, तिकिटावरच्या अटींमुळे नव्हे. बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की कप्तान कोणतेही बंदर गाळू किंवा बदलू शकतो. त्यात गैरही नाही. वादळ आले, यंत्र बिघडले, तर पैसे परत द्यावे लागतील या धास्तीने कप्तानाने जहाज धोक्यात घालावे, असे कोण म्हणेल? मात्र निर्णय त्यांचा आणि तोटा प्रवाशाचा, हे उरतेच.

फेब्रुवारी 2013 मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनघरात तेलगळतीमुळे आग लागली. वीज गेली, संडास तुंबले आणि चार हजारांवर माणसे कित्येक दिवस समुद्रात अडकली. या प्रकाराचा गाजावाजा झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात जहाज कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली. यंत्रबिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे परत, अर्ध्यावर संपली तर काही भाग परत, असे त्यात आहे. चुकलेल्या बंदराबद्दल मात्र अवाक्षर नाही. बंदर गाळले, तर त्या बंदराचे कर आणि शुल्क तेवढे सहसा परत मिळते.

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या जहाज सफरी सुरू झाल्या आणि ही हौस मराठी कुटुंबांच्याही आवाक्यात आली. तिकीट काढण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. बंदर चुकले तर काय परत मिळेल? विम्यात त्याची तरतूद आहे का? किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे बुडणार की मिळणार? जहाज धक्क्याला लागते, की लहान होडीतून किनारा गाठावा लागतो? होडी असेल, तर नुसता समुद्र खवळला तरी ती भेट रद्द होऊ शकते.

आणखी दोन गोष्टी. घरी परतायचे विमान किंवा गाडी जहाज पोहोचण्याच्या दिवशीच ठेवू नये, एक दिवस हातात राखावा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्याही मोजून न नेता चार-पाच दिवसांच्या जास्त न्याव्यात. आणि एखाद्या गावी जायचेच असा मनाचा निश्चय असेल, तर त्या गावाचे वेगळे तिकीट काढलेले बरे!