स्वस्त दुनळी आणि शिशाचा हिशेब

ब्रिटनमध्ये पक्ष्यांच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या काडतुसांतून शिसे हद्दपार करण्याचा निर्णय तेथील सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू होणाऱ्या या निर्णयानुसार तीन वर्षांच्या संक्रमणकाळानंतर, म्हणजे २०२९ पासून, शिकारीत शिशाचे छर्रे वापरता येणार नाहीत. वरवर पाहता हा पर्यावरणरक्षणाचा आणखी एक नियम आहे. प्रत्यक्षात मात्र त्याने बंदुकीच्या बाजारातील एका जुन्या हिशेबाला धक्का दिला आहे. बेताच्या ऐपतीच्या शिकाऱ्याने कोणती दुनळी घ्यावी, हे आजवर किंमत आणि कारखान्याचे नाव यांवर ठरत असे. यापुढे ते नळीवर उमटवलेल्या बारीक चिन्हांवर ठरणार आहे.

दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली बंदूक ही इंग्रजी ग्रामीण जीवनाची जुनी खूण. लंडनच्या नामांकित कारखान्यांची नवी दुनळी आज लाख पौंडांच्या पुढे जाते. ती धनिकांपुरतीच उरली आहे. परंतु १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अॅन्सन आणि डीली या दोघांनी ‘बॉक्सलॉक’ ही रचना आणली. चाप, घोडा आणि कमान यांची जुळणी मोजक्या भागांत बसल्याने बंदूक मजबूत झाली आणि स्वस्तही. हजारो साध्या दुनळ्या त्यानंतर बर्मिंगहॅममध्ये तयार झाल्या आणि शेतकरी, दुकानदार, रानाची राखण करणारे नोकर यांच्या घरांत पोचल्या. पुढे नळ्या एकावर एक असलेल्या बंदुकांची चलती झाली आणि जुन्या दुनळ्यांचे भाव उतरले. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची, पण चालू स्थितीतील बॉक्सलॉक दुनळी आजही काही शे पौंडांत मिळू शकते. अशी बंदूक विकत घेणाऱ्याला ती वजनाला हलकी आणि हाताळायला चपळ म्हणून हवी असते, प्रतिष्ठेसाठी नव्हे.

शिशावरील बंदीमागचे कारण निर्विवाद आहे. पाणथळीत आणि शेतात पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात. दाणे दळण्यासाठी पक्ष्यांच्या पोटात असलेल्या पेषणीत ते झिजतात आणि विष रक्तात उतरते. या विषबाधेने ब्रिटनमध्ये दरवर्षी ५० हजार ते एक लाख पाणपक्षी दगावतात, असा अंदाज मांडला गेला आहे. शिवाय शिकारीचे मांस बाजारात विकले जाते आणि शिशाचे सूक्ष्म कण खाणाऱ्याच्या ताटात येतात. डेन्मार्कने १९९६ मध्येच शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली. तेथील शिकार त्यामुळे थांबली नाही. अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर शिसे बंद केले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळींवर ही बंदी लागू केली.

मग ब्रिटनला इतका उशीर का झाला? येथे स्वेच्छेचा मार्ग आधी आजमावला गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये नऊ शिकारी आणि ग्रामीण संघटनांनी पाच वर्षांत शिसे सोडण्याचे आवाहन आपल्या सभासदांना केले. मुदत संपत आली तेव्हा केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने बाजारातील फेझंट पक्षी तपासण्यात आले. ज्यांच्या शरीरात छर्रे सापडले, त्यांपैकी ९९ टक्के पक्षी शिशानेच मारलेले होते. पाणपक्ष्यांसाठी इंग्लंडमध्ये १९९९ पासून कायदा असूनही तपासलेल्या बदकांबाबत वेगळे चित्र नव्हते. आवाहनाने काम होत नाही, हे सिद्ध झाल्यावर कायद्याखेरीज पर्याय उरला नाही.

या टाळाटाळीमागे केवळ हटवादीपणा नाही. जुन्या दुनळीची भीतीही आहे. शिसे मऊ आणि जड असते. पोलाद कठीण आणि हलके असते. शिशाची घनता ११.३, तर पोलादाची ७.८ च्या आसपास. त्यामुळे पोलादाचा छर्रा आकाराने मोठा घ्यावा लागतो आणि लांबच्या पक्ष्यावर त्याचा जोर कमी पडतो. कठीण छर्रे जुन्या नळीच्या आवळलेल्या तोंडातून, म्हणजे ‘चोक’मधून, बाहेर पडताना नळीला फुगवटा आणू शकतात. जुन्या दुनळीची डावी नळी बहुधा अधिक आवळलेली असते. बिस्मथ हा शिशाच्या जवळ जाणारा आणि जुन्या नळ्यांना सोसणारा धातू आहे. पण त्याची काडतुसे शिशापेक्षा काही पटींनी महाग पडतात. बंदूक स्वस्त आणि दारूगोळा महाग, असा हा उलटा व्यवहार आहे.

म्हणूनच खरेदीदाराची पारख बदलायला हवी. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम येथे ‘प्रूफ हाउस’ आहेत. तेथे नळीत जादा दाबाचे काडतूस उडवून तिची परीक्षा घेतली जाते आणि चिन्ह उमटवले जाते. ही परीक्षा न टिकलेली बंदूक विकणे हा १८६८ च्या कायद्याने गुन्हा आहे. नळी केवळ काळ्या दारूसाठी तपासलेली आहे की आधुनिक नायट्रो दारूसाठी, हा पहिला प्रश्न. चेंबर अडीच इंचांचा आहे की पावणेतीन, हा दुसरा. नळीची जाडी गेल्या शंभर वर्षांच्या घासण्या-पुसण्यात किती उरली, हा तिसरा. ती एका इंचाच्या हजारांश २० भागांखाली गेली असेल, तर जाणकार कारागीर सावध करतात. नायट्रो चाचणी झालेल्या, सुस्थितीतील, बेताच्या चोकच्या बंदुकीत तिच्या चेंबरच्या मापाची ‘स्टँडर्ड’ पोलादी काडतुसे बहुधा चालू शकतात. अधिक जोराच्या पोलादी काडतुसांसाठी मात्र नळीवर लिलीच्या फुलाचे खास चिन्ह असावेच लागते. जुने ‘दमास्कस’ पद्धतीचे, पट्ट्या पिळून घडवलेले नळे पोलादापासून दूरच ठेवावेत.

याचा अर्थ सर्व जुन्या दुनळ्या भंगारात जातील असा नाही. अनेक बंदुकांचा चोक कुशल कारागीर थोडा मोकळा करून देऊ शकतो. पण कारागिराची मजुरी, पुन्हा प्रूफ चाचणीचे शुल्क आणि त्या चाचणीत बंदूक नापास होण्याचा धोका, हे सारे खरेदीच्या किमतीत मिळवले पाहिजे. मग स्पेनमधील एइबार गावची ‘आया’ कंपनीची वापरलेली दुनळी किंवा तुर्कस्तानातील हुग्लू गावची नवी दुनळी तुलनेने महाग वाटत नाही. एइबारच्या कारागिरांनी इंग्रजी घडण माफक किमतीत दिली. हुग्लूच्या सहकारी कारखान्याने अमेरिकन बाजारासाठीही दुनळ्या पुरवल्या. मात्र नवी बंदूक म्हणजे पोलादास योग्य, असे गृहीत धरणे घातक ठरेल. चिन्ह तेथेही पाहावेच लागते.

खरा प्रश्न भार कोणी उचलायचा, हा आहे. मोठ्या इस्टेटींवर एका दिवसाच्या शिकारीसाठी शेकडो पौंड मोजणाऱ्याला नवी बंदूक घेणे जड जाणार नाही. वडिलांची दुनळी घेऊन हंगामात चार-सहा वेळा रानात जाणाऱ्या गावकऱ्याला मात्र ते जाणवेल. त्यातच २०२५ च्या फेब्रुवारीपासून बंदूक परवान्याचे शुल्क दुपटीहून अधिक वाढले आहे. संक्रमणाची तीन वर्षे केवळ मुदत म्हणून न वापरता, या काळात जुन्या बंदुकांची तपासणी माफक शुल्कात करून द्यावी आणि खरेदीदाराला समजेल अशा भाषेत माहिती पोचवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. तसे न झाल्यास कायदा मोडण्याचा मोह गरीब शिकाऱ्याला होईल आणि १९९९ च्या कायद्याची पुनरावृत्ती होईल.

भारतीय वाचकाला या वादातील एक फरक जाणवेल. ‘दुनळी’ हा शब्द मराठीत रुळला तो बंदुकीसह. संस्थानांच्या काळात इंग्रजी दुनळ्या येथे मोठ्या संख्येने आल्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकारच येथे बंद झाली, म्हणून छर्रा शिशाचा की पोलादाचा हा प्रश्न उरला नाही. ब्रिटनने शिकार ठेवून छर्रा बदलण्याचा मार्ग निवडला आहे. तो अधिक अवघड आहे, कारण त्यात प्रत्येक बंदूकधाऱ्याचे सहकार्य लागते. ते सहकार्य मिळते की नाही, याची पहिली परीक्षा कायद्याच्या पुस्तकात नव्हे, तर बंदुकीच्या दुकानात होणार आहे. जेथे एखादा ग्राहक स्वस्त दुनळी हातात घेऊन आधी दस्त्याची झळाळी पाहतो की नळीवरचे चिन्ह, यावर पाणथळीतल्या अनेक पक्ष्यांचे भवितव्य अवलंबून राहील.