नेटवर्क टीमची माफी

"नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे." आमच्या धंद्यात एवढं स्वस्त वाक्य दुसरं नाही. मी ते नुकतंच तब्बल दहा दिवस वापरलं.

झालं असं, की बिलाची आठवण करून देणारे मेल पाठवणारी एक जुनी पर्ल स्क्रिप्ट आहे. मेल लवकर जावेत म्हणून मीच तिच्यात फोर्क घातला. चार चाइल्ड प्रोसेस मेल पाठवणार, एकेकीचं काम संपलं की पॅरेंट डेटाबेसमध्ये 'पाठवले' अशी नोंद करणार. पहिल्याच रात्री एरर: 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे'. नोंद नाही, त्यामुळे दुसऱ्या रात्री त्याच लोकांना पुन्हा तगादा. शिव्या कस्टमर केअरच्या मुलींनी खाल्ल्या. मी फायरवॉलकडे बोट दाखवून मोकळा! (माझ्या मशीनवरची चाचणी मी फोर्क बंद ठेवून घेतली होती. शहाणाच.)

खरं तर लॉग नीट वाचला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. एररची वेळ रोज वेगळी, पण दर वेळी पहिली चाइल्ड संपल्याबरोबर. शेवटी एसट्रेस लावून बघितलं. फोर्क झाल्यावर पॅरेंटचं उघडं सॉकेट चाइल्डकडेही जातं, कनेक्शन मात्र एकच असतं. चाइल्ड संपताना डीबीआयचं हँडल नष्ट होतं आणि जाता जाता सर्व्हरला इमानदारीत 'येतो' म्हणून सांगतं. सर्व्हर कनेक्शन बंद करतो. खोली सोडणाऱ्या पोराने अख्ख्या घराचा मेन स्विच पाडावा, तसं.

पर्लमध्ये दोनच्या वरचे डिस्क्रिप्टर आपोआप बंद होतात ना, असं कुणी म्हणेल. मीही म्हणालो होतो. पण ते एक्झेकच्या वेळी, नुसत्या फोर्कला नाही.

यावर 'ऑटोइनॅक्टिव्हडिस्ट्रॉय' नावाचा उपाय डीबीआयमध्ये २०१० पासून आहे. पण तो आपण होऊन चालू करावा लागतो, आणि माझी तक्रार इथेच आहे. जुना कोड मोडू नये हे मान्य, पण ज्याला हा धोका माहीतच नाही तो हे बटण शोधणार कुठून? पायथनवाल्यांनी हिंमत दाखवली. २०१४ च्या ३.४ मध्ये नवे डिस्क्रिप्टर एक्झेकपलीकडे न जाणं हाच डिफॉल्ट केला, आणि २०२५ च्या ३.१४ मध्ये लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगचा डिफॉल्ट फोर्कवरून फोर्कसर्व्हरवर नेला. काहींचा जुना कोड मोडला असेलच. मोडू दे. निदान समोर एरर दिसते, लोकांना दोनदा तगादा जात नाही.

आता प्रत्येक चाइल्ड स्वतःचं कनेक्शन उघडते, आणि पॅरेंटच्या हँडलवर तो पर्याय चालू आहे. नेटवर्क टीमच्या मित्राला चहा पाजला. कस्टमर केअरमध्ये जायचं अजून राहिलंय. सोमवारी जातो.