सूड सिद्ध करता येतो



‘प्रत्येक बदलीला सूड म्हणू नका’ हे पत्र वाचले. साहेबांच्या मनातला हेतू सिद्ध करता येत नाही, असे पत्रलेखक म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. ‘तक्रार केली म्हणून बदली’ असे कोणीच आदेशात लिहीत नाही आणि न्यायालयेही तशा कबुलीची वाट पाहत बसत नाहीत.

पंजाब अँड सिंध बँकेचा खटला पाहा. इंदूरच्या मुख्य व्यवस्थापक बाईंनी शाखेतील गैरव्यवहार वरिष्ठांना लेखी कळवले, त्यानंतर त्यांना जबलपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत पाठवले. ती जागा कितीतरी कनिष्ठ अधिकाऱ्याची होती. वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रारही त्यांनी केली होती. हा सगळा घटनाक्रम पाहून सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बदली रद्द ठरवली. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानेही धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली अनुचित कामगार प्रथांमध्ये धरली आहे.

शिरवणे, तुर्भे, महापेच्या कंपन्यांत राबणाऱ्या भगिनींना माझे कळकळीचे सांगणे आहे. लैंगिक छळाची तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. आधीच्या वर्षांचे चांगले शेरे आणि पगारवाढीची पत्रे घरी जपून ठेवा. तक्रारीनंतर शेरा अचानक बिघडला, तर या कागदांवरच्या तारखाच तुमच्या बाजूने बोलतील. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच तुमचा गोपनीय अहवाल लिहू नये, अशी लेखी मागणी चौकशीच्या काळात अशा तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीकडे करता येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या नियमांप्रमाणे समिती तशी शिफारस करू शकते. ही मागणी उशिरा नको, पहिल्याच अर्जात करा.

– एक वाचक, नेरूळ