७८ मिनिटांत चूक सुधारली, तरी संगणक सुरू व्हायला इतके दिवस का लागले?

शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतात ऑफिसं उघडत होती आणि जगभरातल्या विंडोज संगणकांचे स्क्रीन एकापाठोपाठ एक निळे पडत होते. रीस्टार्ट केलं तरी पुन्हा तेच. मुंबईसह अनेक विमानतळांवर रांगा लागल्या, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि त्यांचे फोटो व्हायरल झाले. ‘क्राउडस्ट्राइक’ हे नाव बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीची सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला बाहेर पडली आणि १०.५७ ला मागे घेतली गेली. एवढ्या वेळात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले. बहुतेक यंत्रणा पूर्ववत व्हायला मात्र काही दिवस गेले. एकट्या डेल्टा एअरलाइन्सची सुमारे ७ हजार उड्डाणं रद्द झाली.

बिघाड नेमका कुठे होता?

क्राउडस्ट्राइकचं ‘फाल्कन’ हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतं. नव्या फाइलला माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, प्रोग्रॅमकडून २०च मिळत होते. नसलेला एकविसावा रकाना वाचायला जाताच गडबड झाली. साध्या ॲपमध्ये असं झालं तर ते ॲप बंद पडतं. कर्नलमध्ये झालं की अख्खं विंडोज कोसळतं. त्यात हा भाग संगणक सुरू होतानाच लोड होतो. त्यामुळे प्रत्येक वेळी तीच ठेच.

मग दुरुस्ती इंटरनेटवरून का पाठवता आली नाही?

कारण दुरुस्त फाइल उतरवून घेण्याआधीच बहुतेक संगणक बंद पडत होते. काही वेळा नेटवर्क आधी जोडलं जायचं आणि संगणक बचावायचा. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउड ग्राहकांना १५ वेळापर्यंत रीस्टार्ट करून पाहायला सांगितलं. ‘बंद करून चालू कर’ हा घरगुती सल्ला इतक्या अधिकृतपणे क्वचितच दिला गेला असेल!

बाकी ठिकाणी माणसालाच प्रत्येक संगणकासमोर बसावं लागलं. सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल डिलीट करायची, रीस्टार्ट करायचं. काम काही मिनिटांचं, पण संगणक हजारो. शिवाय अनेकांची डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद होती, आणि ते उघडायला प्रत्येक संगणकाची वेगळी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. काही कंपन्यांत या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोही बंद पडला होता.

या अनुभवानंतर मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये ‘क्विक मशीन रिकव्हरी’ आणली. विंडोज सुरू होत नसेल तर रिकव्हरीचा वेगळा भाग इंटरनेटला जोडून घेऊन दुरुस्ती शोधतो. निळा स्क्रीन काळाही झाला, पण तो बदल मुख्यतः दिसण्यातला. रॅम किंवा डिस्क खराब असेल तर या सुविधेचा उपयोग नाही.

घरच्या संगणकाचं काय?

घरगुती संगणकांवर फाल्कन नसतं, त्यामुळे ते वाचले. कुलूप मात्र तिथेही असू शकतं. विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यानंतरची आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की बहुतेक संगणकांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं, तर संगणक अचानक ते ४८ अंक मागू शकतो. की नसेल तर फोटो, कागदपत्रं सगळं गेलं; दुरुस्तीवाला काय, मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही.

ही की सहसा त्या अकाउंटमध्ये सेव्ह होते. प्रश्न इतकाच, की अकाउंट कोणाचं? सेटअप करून देणाऱ्याने स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर की त्याच्याकडे गेलेली असते. संगणक चालू आहे तोवर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे का ते पाहा. असेल तर की आपल्याच अकाउंटमध्ये आहे ना, हे तपासा आणि ती कागदावर लिहून घ्या. त्याच संगणकावर सेव्ह करून उपयोग नाही.