हसणाऱ्याचंही तोंड बघा

डोंबिवली, कल्याण, ठाण्याहून रोज मुंबईला जाणाऱ्या सगळ्या ग्रुपवाल्यांना आणि ग्रुपवालींना माझं एक मनापासून सांगणं आहे. लोकलच्या गर्दीत तासभर खांद्याला खांदा घासत आपण जातो, तो प्रवास थट्टामस्करीमुळेच सोसवतो. लेडीज डब्यात डोहाळजेवणं होतात, दसऱ्याला डब्याला तोरणं लागतात, येताना मटार सोलून होतात, आणि या सगळ्यात हसणं सतत चालू असतं. ते कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही. आपण कशाला हसतो, एवढं मात्र एकदा नीट बघू या.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी संशोधकाने दुकानांत, कॉलेजांत, रस्त्यांवर लोकांच्या गप्पा ऐकल्या आणि हसण्याचे सुमारे 1,200 प्रसंग टिपले. त्यात विनोद म्हणता येईल असं काही बोललं गेल्यावर लोक हसले, असे प्रसंग शंभरात जेमतेम दहा ते वीस निघाले. बाकीचं हसणं ‘बरं, निघते मी’, ‘हा बघ आला’ असल्या साध्या वाक्यांवरचं होतं. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसपट हसतो, असंही त्याला आढळलं. म्हणजे आपल्या हसण्याला विनोदापेक्षा सोबत जास्त लागते. ‘मी तुमच्यातलीच आहे’ हे न बोलता सांगायची ती रीत आहे. पुढे जे सांगायचं आहे ते याच्यावरच उभं आहे.

आता विनोदाकडे येऊ. काहीतरी बिघडतं, रीत मोडते, अपेक्षेचा मार्ग सुटतो आणि तरी कुणाचं काही वाईट झालेलं नसतं, तेव्हा माणूस हसतो. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोघा अभ्यासकांनी 2010 मध्ये हे सूत्र मांडलं. ‘वस्त्रहरण’ बघितलेल्यांना ते लगेच पटेल. गंगाराम गवाणकरांच्या या नाटकात गावातली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग करायला निघतात आणि जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडतं. ठाण्या-डोंबिवलीत कोकणातली माणसं घरोघरी आहेत. आपल्याच गावचा गोंधळ, आपल्याच मालवणीत, बघताना ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या नाटकातलं कुणी गावाकडे तुच्छतेने बघत नव्हतं. त्यात काम करणारे मच्छिंद्र कांबळी रंगमंचावर आले की प्रेक्षकांना घरचंच माणूस आल्यासारखं वाटायचं.

याची दुसरी बाजू ‘एकच प्याला’त आहे. ज्यांच्या नावाचं रंगायतन ठाण्यात तलावपाळीवर उभं आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनी बाळकराम या नावाने भरपूर विनोदी लिहिलं आणि त्याच हाताने ही शोकांतिकाही लिहिली. तळीराम आणि त्याच्या मद्यपी मंडळाच्या प्रवेशांना प्रेक्षक खळखळून हसतात. मग नवऱ्याच्या दारूपायी उघड्यावर पडलेला सिंधूचा संसार समोर येतो. दारू तीच, धुंदी तीच, पण आता कुणाला तरी लागलेलं दिसतं आणि नाट्यगृहातलं हसू बंद होतं. विनोदाची हद्द कुठे संपते हे गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी इतकं स्वच्छ दाखवून ठेवलंय, की त्यासाठी मला वेगळा पुरावा शोधावासा वाटत नाही.

तरीही एक घडलेली गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच बाजूची आहे. 13 मार्च 1995 रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला हास्यक्लब सुरू केला. सकाळी पाच माणसं जमली. रोज एकेकाने मध्ये उभं राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि टोचणारे, घाणेरडे विनोद सुरू झाले. लोकांनी तक्रार केली. तेव्हा कटारियांनी विनोद सांगणंच बंद केलं आणि नुसतं एकत्र हसायला लावलं. ते हसणं आधी ओढूनताणून आलं, मग एकमेकांकडे बघून खरं झालं. आज ठाण्या-डोंबिवलीच्या बागांत सकाळी हात वर करून हसणारे आजी-आजोबा दिसतात, ते याच वाटेने आलेत. विनोद गेला आणि हसू राहिलं.

आता आपला डबा. लग्नाला चार वर्षं झालेली एक मुलगी रोज आपल्यात उभी असते. ‘काय गं, पेढे कधी?’ म्हणून कुणीतरी विचारतं आणि सगळ्या हसतात. तीही हसते. तिचं हसणं बघून आपण समजतो, हिला चालतं. ही समजूत चुकीची आहे, आणि मला ती फार टोचते. ती हसते, कारण न हसली तर उद्यापासून ‘हिला गंमत कळत नाही’ म्हणून ती बाजूला पडेल. हसणं ही सोबतीची खूण आहे म्हटलं ना, तीच खूण तिला नाइलाजाने द्यावी लागते. ज्याला रोज टकलू म्हणतात, ज्याच्या बोलण्यातल्या गावाकडच्या हेलाची नक्कल होते, ज्या पोरीला सावळ्या रंगावरून टोमणे बसतात, ते सगळे असेच हसतात.

मग ओळखायचं कसं? एकोणिसाव्या शतकात द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आकसतो आणि तो हुकमाने हलवणं अवघड असतं. तोंड हसतंय आणि डोळे तसेच आहेत, हे नीट बघितलं तर दिसतं. पण डोळे वाचायचा भरवसा नसेल तर माझी स्वतःची कसोटी वापरा. हा माणूस तुम्हाला उलटा टोला मारू शकतो का? गेल्या महिन्यात त्याने तुमची टर उडवली होती का, आणि तेव्हा ग्रुप हसला होता का? ज्याची थट्टा सगळे करतात आणि जो कुणाचीच करत नाही, त्याच्याशी चाललेल्या प्रकाराला थट्टा म्हणू नका.

हीच कसोटी घरात लावा. गणपतीत पाहुणे जमले की जाड भाच्याला मोदकावरून बोलणारे मामा-काका प्रत्येक घरात असतात. दहा वर्षांचं पोर काकाला उलटं काय बोलणार? तिथे मोठ्यांपैकी एकाने ‘पुरे आता’ एवढं म्हटलं तरी विषय बदलतो. व्हॉट्सॲपवर बायकोवरचे विनोद पुढे ढकलणाऱ्या दादांनाही सांगते, तो विनोद वहिनींच्या समोर मोठ्याने वाचून बघा.

आणि तुमच्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल, तर ग्रुपसमोर माफी मागू नका, त्याने तो माणूस पुन्हा सगळ्यांच्या तोंडी येतो. उतरल्यावर जिन्यापर्यंत बरोबर चाला आणि सांगा, ‘काल मी जे बोललो ते बोलायला नको होतं.’ ‘अगं, गंमत केली’ हे मात्र पुढे जोडू नका.