भाव पडतात तेव्हा कोण पडते?

बाजारात एखाद्या वस्तूचा भाव पडला की मुक्त अर्थव्यवस्थेच्या पुरोहितांना आनंदाचे भरते येते. ग्राहक राजा झाला, बाजाराने आपली चूक आपणच दुरुस्त केली, आता सरकारने मध्ये लुडबूड करू नये, असे मंत्र सुरू होतात. अमेरिकेतील मोटारघरांच्या बाजाराविषयी गेली काही वर्षे नेमके हेच ऐकू येत आहे. ज्यात निजण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय आहे अशी चाकांवरची घरे तेथे लाखांनी विकली जातात. त्या बाजाराला २०२२ पासून ओहोटी लागली, शोरूमच्या आवारात माल साचला आणि सवलतींच्या पाट्या लागल्या.

यावर आपल्याकडील काही मित्रांची प्रतिक्रिया अशी, की धनिकांच्या खेळण्यांचे भाव चढोत की पडोत, समाजवाद्यांना त्याचे सोयरसुतक कशाला? दुसऱ्या काही मित्रांना त्यात भांडवलशाहीच्या पतनाची चाहूल लागते व ते मनातल्या मनात टाळ्या पिटतात. पुरोहितांचा आनंद खोटा आहे, पहिल्या मित्रांची बेफिकिरी अदूरदर्शी आहे आणि दुसऱ्यांच्या टाळ्या निव्वळ भाबड्या आहेत. कांद्याचा भाव पडला म्हणजे नेमके कोण पडते हे नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच प्रश्न या बाजारालाही विचारला पाहिजे.

प्रथम आकडे पाहू. तेथील कारखानदारांच्या संघटनेच्या नोंदीनुसार २०२१ साली कारखान्यांतून ६,००,२४० वाहने विक्रेत्यांकडे रवाना झाली. हा उच्चांक होता. यात स्वतःच्या इंजिनावर चालणारी मोटारघरे थोडी, मोटारीमागे जोडून ओढावयाची घरे बहुसंख्य. २०२२ साली हा आकडा ४,९३,२६८ वर आला आणि २०२३ साली ३,१३,१७४ वर, म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर. २०२४ साली तो ३,३३,७३३ पर्यंत किंचित सावरला. परंतु त्यातही खऱ्या मोटारघरांची घसरण थांबली नाही. २०२२ मधील ५८,००० च्या आसपासचा त्यांचा आकडा २०२४ मध्ये ३५,००० च्या आसपास आला.

हे का घडले? महामारीच्या काळात विमाने व हॉटेले बंद होती, व्याजाचे दर शून्याच्या आसपास होते, आणि ज्याची ऐपत होती तो चाकांवरचे घर घेऊन रानावनात निघाला. या तात्पुरत्या मागणीलाच कायमची मागणी समजून कारखाने रात्रंदिवस चालविण्यात आले. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढविण्यास आरंभ केला आणि जुलै २०२३ पर्यंत तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. मागणी आटली; पण माल मात्र तयार होऊन बसला होता. समाजाला किती घरे हवीत याचा विचार न करता नफा किती मिळेल एवढ्याच विचाराने चाललेल्या उत्पादनाचा शेवट असाच होतो. त्यात नवल नाही. नवल वाटावे असे काही असेल तर ते या चुकीची किंमत वसूल करण्याच्या पद्धतीत आहे.

चूक कारखानदाराची, पण ती ढकलली जाते विक्रेत्यावर. वाहन कारखान्याच्या फाटकाबाहेर पडून विक्रेत्याच्या नावे रवाना झाले की कारखान्याच्या हिशेबी ते विकले गेले. विक्रेता ते स्वतःच्या पैशाने घेत नाही. वित्तसंस्था त्याला साठ्याच्या तारणावर कर्ज देते, कारखान्याचे पैसे लगोलग चुकते करते, आणि त्या दिवसापासून व्याजाचे मीटर विक्रेत्याच्या माथ्यावर फिरू लागते. वाहन ठराविक महिन्यांत विकले गेले नाही तर मुद्दलाचा काही भाग रोखीने भरा, असा तगादा लागतो. समजा, एखाद्याच्या आवारात एक कोटी डॉलरचा माल पडून आहे. तीन टक्के दराने त्याचे वार्षिक व्याज तीन लाख होते. दर आठ टक्के झाला की ते आठ लाखांवर जाते. इतक्यात कारखाना नव्या सालचे मॉडेल बाजारात आणतो आणि काल नवे असलेले वाहन आज न वापरताच जुने ठरते. मग विक्रेता मिळेल त्या भावाने माल काढतो. ज्याला पंडित ‘बाजाराची दुरुस्ती’ म्हणतात ती ही!

‘मग त्याने माल उचलू नये’, असे सांगणे सोपे आहे. परंतु माल उचलला नाही तर खपणाऱ्या मॉडेलचा कोटा आटतो आणि अखेर एजन्सी जाण्याची टांगती तलवार असते. ही युक्ती आजची नाही. १९२० च्या मंदीत हेन्री फोर्ड कर्जफेडीच्या अडचणीत आला, तेव्हा त्याने बँकांपुढे हात पसरला नाही. १९२०-२१ च्या हिवाळ्यात त्याने न मागितलेल्या गाड्या रोखीच्या अटीवर देशभरच्या विक्रेत्यांकडे पाठवून दिल्या. विक्रेत्यांनी गावोगावच्या बँकांतून कर्जे काढली आणि फोर्डचे संकट हजारो लहान व्यापाऱ्यांच्या खातेवहीत वाटले गेले. पुढे मोटार विक्रेत्यांचा असंतोष इतका वाढला की १९५६ साली अमेरिकी काँग्रेसला कायदा करून, सद्भावनेने न वागणाऱ्या कारखानदारावर संघराज्याच्या न्यायालयात दावा लावण्याचा हक्क त्यांना द्यावा लागला. मुक्त स्पर्धेच्या माहेरघरात हा कायदा का करावा लागला, याचे उत्तर पुरोहितांनी अवश्य द्यावे.

आता विक्रेत्याविषयी गळा काढण्याचेही कारण नाही. तेजीत याच मंडळींनी ग्राहकाची अडवणूक करून मनमानी भाव घेतले होते. शिवाय ‘विक्रेता’ हा एकजिनसी वर्ग नव्हे. एका टोकाला गावातील एका दालनाचा मालक आहे, तर दुसऱ्या टोकाला देशभर दालने असलेली कॅम्पिंग वर्ल्डसारखी बलाढ्य कंपनी आहे. मंदी लहानाला बुडविते आणि मोठ्याला स्वस्तात पोसते. फ्लोरिडातील लेझीडेज या नामांकित कंपनीवर २०२४ च्या अखेरीस कर्जाचा भार हलका करण्यासाठी आपली अनेक दालने विकण्याचा करार करण्याची पाळी आली, आणि खरेदीदार होती कॅम्पिंग वर्ल्ड! कारखानदारीत मक्तेदारी अगोदरच पक्की झालेली आहे. थॉर, बर्कशायर हॅथवेच्या मालकीची फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो या तीन समूहांच्या हाती बहुतांश बाजार एकवटला आहे. यांपैकी थॉरने २०२२ च्या आर्थिक वर्षात एक अब्ज दहा कोटी डॉलरहून अधिक निव्वळ नफा मिळविला. विक्रीची दाणादाण उडाल्यावर २०२४ च्या वर्षातही तो सुमारे साडेसव्वीस कोटी डॉलर होता. नफा घटला खरा. पण तो नफाच राहिला आणि भागधारकांना लाभांशही मिळतच राहिला.

मग ग्राहक तरी राजा झाला का? ज्याने आज रोखीने घेतले त्याचा लाभ झाला असेल. पण तेजीत कर्जाने घेतलेल्याचे काय? या वाहनांची कर्जे पंधरा-वीस वर्षांची असतात. समजा, एका कुटुंबाने एक लाख डॉलर नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे नऊशे डॉलर. तीन वर्षांत त्याने बत्तीस हजारांवर डॉलर भरले, तरी मुद्दल उतरते जेमतेम सहा हजारांनी. चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास बाकी उरतेच. वाहनाचा बाजारभाव त्या वेळी साठ हजार असेल, तर ते विकूनही चौतीस हजारांचे देणे मानेवर राहते. भाव पडला म्हणून हप्ता पडत नाही! हप्ता थकला की वित्तसंस्था गाडी ओढून नेते, लिलाव करते, आणि त्या लिलावाने भाव आणखी खाली जातो. ट्रॅक्टर ओढून नेणारी माणसे पाहिलेल्या आपल्या खेड्यांना हे चित्र परके वाटू नये.

आणि सर्वांच्या तळाशी कामगार आहे. अमेरिकेतील या वाहनांपैकी बहुसंख्य वाहने इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या परिसरात तयार होतात. तेथे पहाटे पाळी सुरू होते, वेतन बहुधा नगावर ठरते आणि बहुतेक कारखान्यांत कामगार संघटनेचा मागमूस नसतो. तेजीत नगामागे धावून माणूस मोडतो; मंदीत नग नाही म्हणून वेतन नाही. २००६ साली ३,९०,५०० असलेली या धंद्याची पाठवणी २००९ साली १,६५,७०० वर कोसळली. त्या वर्षी एल्कहार्टमधील बेकारी वीस टक्क्यांच्या जवळ पोहोचली आणि नवनिर्वाचित अध्यक्ष ओबामांना फेब्रुवारीतच तेथे धाव घ्यावी लागली. फ्लीटवुड आणि मोनॅको कोच या नामांकित कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर तेजी आली आणि पुन्हा उतरती कळाही लागली. संघटित शक्तीवाचून कामगाराची स्थिती मात्र होती तेथेच राहिली.

या साऱ्याहून लाजिरवाणी गोष्ट आणखी एक आहे. अमेरिकेत घरकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात जी वजावट मिळते ती दुसऱ्या घरालाही मिळते. आणि निजणे, स्वयंपाक व शौच यांची सोय असलेले मोटारघर कायद्याच्या लेखी ‘घर’ ठरते. विक्रेत्यांच्या साठ्यावरील व्याजालाही २०१७ च्या करकायद्याने खास सवलत दिली. म्हणजे सुखवस्तू माणसाच्या सहलीला सरकारी तिजोरीचा हातभार आहे. पण त्याच प्रकारच्या जुन्या, खिळखिळ्या वाहनांत घरभाडे परवडत नाही म्हणून राहणारी सहस्रावधी माणसे लॉस एंजेलिससारख्या शहरांच्या रस्त्यांवर आहेत. त्यांच्या वाट्याला रात्री वाहन उभे करण्याची बंदी आणि दंड. सार्वजनिक जागेत झोपणाऱ्यांना दंड करणे राज्यघटनेच्या विरुद्ध नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला. २००८ च्या अरिष्टानंतर घराला मुकून वाहनांत राहणाऱ्या वृद्धांची कहाणी जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात लिहिली आणि तिच्यावरील चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. अ‍ॅमेझॉनने तर अशा फिरस्त्यांना सणासुदीच्या हंगामात गुदामांत राबवून घेण्याची खास योजना कित्येक वर्षे चालविली. एकीकडे न खपलेल्या घरांनी भरलेली आवारे आणि दुसरीकडे घरावाचून माणसे! अतिरिक्त उत्पादनाचा अर्थ गरजा पुऱ्या झाल्या असा नसतो. ज्याला गरज आहे त्याच्या खिशात पैसा नाही, एवढाच तो असतो.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे मोटारघरे नसतील, परंतु माल गळ्यात मारण्याची रीत तीच आहे. २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर भारतातील विक्रेत्यांकडे ८० ते ८५ दिवसांचा, सुमारे ७९,००० कोटी रुपयांच्या मोटारींचा साठा पडून असल्याचे त्यांच्याच महासंघाने सांगितले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन गुंडाळण्याचे जाहीर केले, तेव्हा विक्रेत्यांची सुमारे २,००० कोटींची गुंतवणूक आणि त्यांच्याकडील सुमारे ४०,००० नोकऱ्या धोक्यात आल्याचे याच महासंघाचे म्हणणे होते. तत्पूर्वी जनरल मोटर्सने २०१७ अखेर देशांतर्गत विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद केले, आणि चौदाशेहून अधिक कामगारांवर कपातीची कुऱ्हाड चालविली. कंपनीने आपले बस्तान हलविले. कामगाराला आपले घर, मुलांची शाळा आणि सोसायटीचे कर्ज घेऊन कोठे हलता येते?

अशा वेळी आपल्या कार्यकर्त्यांनी कोणती भूमिका घ्यावी? विक्रेत्यांच्या संघटनेला कारखानदारांविरुद्ध संरक्षण देणारा कायदा हवा आहे. ती मागणी न्याय्य आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र आपण विक्रेत्यांचे वकील होता कामा नये. संरक्षण वरून खालपर्यंत झिरपेल हा भ्रम आहे. म्हणून तिला आपल्या अटी जोडल्या पाहिजेत. न मागितलेला माल परत घेण्याचे बंधन कारखानदारावर असावे. कंपनीने देश सोडला तर शोरूम आणि वर्कशॉपमधील विक्रेते, मेकॅनिक, धुलाईवाले, पहारेकरी यांच्या भरपाईचा पहिला बोजा कंपनीच्या मालमत्तेवर असावा. जप्त वाहनाचा लिलाव झाल्यावर उरलेल्या बाकीसाठी कर्जदाराला जन्मभर पिडण्यास मर्यादा असावी. आणि या नोकरदारांची युनियन बांधण्याचे काम आजच हाती घ्यावे. चकचकीत काचेआड गळ्यात टाय बांधून उभा असलेला तरुण स्वतःला कामगार समजत नाही, ही आपल्या कार्याची उणीव आहे. त्याचा दोष नव्हे.

बाजार आपली चूक दुरुस्त करतो हे खरे आहे; पण ती दुरुस्ती तो नेहमी दुसऱ्याच्या खर्चाने करतो. अरिष्टाच्या ओझ्याने भांडवलशाही आपोआप कोसळत नाही. ते ओझे ती खालच्या पायरीवर उतरवून पुढे चालू लागते, आणि खालच्या पायरीवरचा माणूस एकटा आहे तोवर तिला ते बिनबोभाट साधते. त्या माणसाला एकटा राहू न देणे हेच आपले काम आहे.